फुलांचे हलके अत्तर : गिऱ्हाइकाला सांगावे कसे?

अत्तराचा व्यवसाय जुना आहे. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांची रोजी त्यावर चालते. कोणी पक्के दुकान घालतो, कोणी जुम्म्याला मशिदीबाहेर लाकडी पेटी उघडून बसतो, तर कोणी केवळ रमजान आणि ईदपुरता माल आणतो. माल कोठून घ्यावा, कुपी कोणती निवडावी, नफा किती ठेवावा याचा विचार हे सर्वजण करतात. मालाचे वर्णन कसे करावे, याचा विचार मात्र फार थोडे जण करतात. कापडवाला कापडाचा पोत सांगतो, रंग जाईल की राहील तेही सांगतो. चपलेचा दुकानदार चामडे कोणते ते सांगतो. अत्तरवाला मात्र झाकण उघडून कुपी नाकापुढे धरतो आणि 'एकदम फर्स्ट क्लास चीज आहे' एवढेच म्हणतो.

ऊद, शमामा, हिना यांच्या बाबतीत हे खपून जाते. हे वास इतके भारदस्त असतात की गिऱ्हाइकाला ते एक तर पटकन आवडतात किंवा मुळीच आवडत नाहीत. फुलांच्या हलक्या अत्तराचे तसे नाही. त्याचा स्वभाव शांत असतो, ते लवकर बदलते आणि योग्य शब्दांत सांगितले नाही तर गिऱ्हाइकाची निराशा होते. म्हणून या लेखात केवळ या एका प्रकाराचा विचार केला आहे.

आमच्याच दुकानातला अनुभव

रहाटणी हे पूर्वी शेतीवाडीचे गाव होते. आज ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेतील दाट वस्तीचे उपनगर आहे. एका बाजूला हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतले नोकरदार, दुसऱ्या बाजूला भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत पाळीने जाणारे कामगार, असे दोन्ही प्रकारचे गिऱ्हाईक येथे येते. येथेच आमचे लहानसे दुकान आहे.

काही वर्षांपूर्वी चाकणला कामाला जाणारा एक तरुण मोगऱ्याची कुपी घेऊन गेला. त्याने विचारले, "चाचा, टिकेल ना?" आम्ही सवयीने म्हणालो, "दिवसभर टिकेल." तीन दिवसांनी तो कुपी घेऊन परत आला. म्हणाला, "चाचा, तुम्ही दिवसभर म्हणाला होतात. सकाळच्या पाळीला लावले, जेवणाच्या सुट्टीपर्यंत काहीच उरले नाही." पैसे परत केले. नुकसान किरकोळ होते. परंतु या तरुणाने त्याआधी आपल्या खात्यातले दोघे-तिघे आमच्याकडे आणले होते. त्यानंतर ना तो आला, ना ते आले.

माल खोटा नव्हता. मोगरा चांगला होता आणि किंमतही वाजवी होती. खोटा होता तो आमचा एक शब्द. त्यानंतर आम्ही दुकानातील प्रत्येक अत्तर घड्याळ लावून तपासले आणि त्याचे वर्णन वहीत लिहिले. त्यातून जे शिकलो ते येथे क्रमाने देत आहोत.

'हलके' या शब्दाचे दोन अर्थ

बाजारात 'हलके' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि घोटाळा तेथेच होतो.

पहिला अर्थ मंद. म्हणजे वास नाकावर आदळत नाही. शेजारी बसलेल्याला जाणवतो, खोलीभर पसरत नाही.

दुसरा अर्थ अल्पकाळ टिकणारा. म्हणजे वास लवकर उडून जातो.

या दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकत्र असतात, पण नेहमीच नाही. काही सुगंध मंद असूनही सहा-सहा तास अंगावर राहतात. काही सुरुवातीला जोरदार येतात आणि अर्ध्या तासात संपतात. गिऱ्हाइकाने 'हलके काहीतरी द्या' असे म्हटले, तर त्याला बहुतेक वेळा मंद हवे असते, लवकर उडणारे नव्हे. तेव्हा माल काढण्याआधी एवढे विचारून घ्यावे : "वास मंद हवा, की थोडा वेळच राहिला तरी चालेल?" या एका प्रश्नाने निम्म्या तक्रारी संपतात.

वास तीन पायऱ्यांनी उलगडतो

कोणतेही अत्तर पहिल्या क्षणी जसे वाटते तसे शेवटपर्यंत राहत नाही. त्यात अनेक द्रव्ये मिसळलेली असतात आणि ती वेगवेगळ्या वेगाने उडतात. ज्याचा रेणू लहान आणि हलका, ते साधारणपणे लवकर उडते. लिंबू-संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनचा रेणुभार सुमारे १३६ आहे. मोगऱ्याच्या वासातल्या बेन्झिल ॲसिटेटचा १५०, तर अनेक फुलांत असणाऱ्या लिनॅलूलचा १५४ आहे. चंदनाच्या तेलातल्या सँटालॉलचा २२० आणि साबणात व अत्तरात वापरल्या जाणाऱ्या गॅलॅक्सोलाइड या कृत्रिम कस्तुरीचा सुमारे २५८ आहे. आकडे पाठ करण्याची गरज नाही. क्रम लक्षात ठेवावा : आधी फळांच्या सालीचा आणि हिरव्या पाल्याचा वास जातो, नंतर फूल, शेवटी लाकूड आणि कस्तुरी.

फुलांच्या हलक्या अत्तरात पहिल्या दोन पायऱ्यांचा भरणा अधिक आणि तिसरीचा कमी असतो. म्हणूनच ते ताजे वाटते आणि म्हणूनच लवकर विरते. त्यात चंदन किंवा कस्तुरी वाढवली तर टिकेल, परंतु हलकेपणा जाईल. हा सौदा गिऱ्हाइकाला सांगण्यात कमीपणा नाही.

याला एक अपवाद ध्यानात घेण्याजोगा आहे. मिथाईल डायहायड्रोजॅस्मोनेट नावाचे एक द्रव्य आहे, त्याला व्यापारात हेडिओन म्हणतात. त्याचा वास चमेलीचा, पण अगदी मोकळ्या हवेसारखा. १९६६ साली बाजारात आलेल्या फ्रान्सच्या 'ओ सोव्हाज' या अत्तरात त्याचा प्रथमच ठळक वापर झाला आणि पुढे तो जगभर पसरला. त्याचा रेणुभार २२६ आहे, त्यामुळे वास मंद असूनही तो बराच वेळ राहतो. मंदपणा आणि अल्पकाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा हा पुरावाच आहे.

झाकण उघडताच येणाऱ्या पहिल्या वासावर माल विकणे सोपे असते. परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल विक्रेत्याला दाखवली, तो प्रसंग आपणा सर्वांस ठाऊक आहे. अत्तराचा पहिला वास हा ढिगाचा वरचा कोरडा थर होय. चार तासांनंतर काय उरते, ते ढिगाच्या आतले धान्य. वर्णनात दोन्ही आले पाहिजे.

आधी आपले नाक तयार करावे

दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःला कळले पाहिजे. त्यासाठी पुढील पद्धत वापरावी.

१) जाड, बिनवासाच्या कागदाच्या बोटभर लांब पट्ट्या कापाव्यात. पट्टीवर अत्तराचे नाव आणि वेळ लिहावी. टोक तेवढे अत्तरात बुडवावे.

२) कुपीला नाक लावून हुंगू नये. कुपीत वास कोंडलेला असतो, त्यामुळे अंदाज चुकतो.

३) पट्टी एका मिनिटाने, पंधरा मिनिटांनी, एका तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगावी. प्रत्येक वेळी दोन-तीन शब्द वहीत लिहावेत.

४) तेच अत्तर मनगटावर लावून पुन्हा तपासावे. कातडीच्या उष्णतेने वास लवकर उलगडतो. कोरड्या कातडीवर तो कमी टिकतो, कपड्यावर जास्त. पांढऱ्या कापडावर डाग पडतो का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

५) एका बैठकीत तीन-चार अत्तरांपेक्षा जास्त हुंगू नयेत. नाक थकले की दुकानाबाहेर मोकळ्या हवेत दोन मिनिटे उभे राहावे. कॉफीच्या बिया हुंगल्याने नाक ताजे होते असा समज आहे, परंतु साध्या हवेपेक्षा त्यांचा अधिक उपयोग होत नाही.

नाकाची आणखी एक खोड दुकानदाराला ठाऊक हवी. सतत येणाऱ्या वासाकडे नाक थोड्या वेळात दुर्लक्ष करू लागते. अत्तर लावणाऱ्याला स्वतःचा वास येईनासा होतो, शेजाऱ्याला मात्र येत असतो. 'वास गेला' म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला आधी विचारावे, "घरच्यांना येतो का?" पुष्कळदा उत्तर 'हो' असते. आमच्या त्या तरुणाला हे विचारायचे आम्हाला सुचले नाही. शिवाय कारखान्यात तेल, कूलंट आणि घाम यांच्या वासात मंद मोगरा दबून जातो. तेही विकतानाच सांगायला हवे होते.

शब्द कोठून आणावेत?

परदेशी कंपन्यांच्या खोक्यांवरचे शब्द उसने घेण्याची गरज नाही. मराठीत वासासाठी भरपूर शब्द आहेत. वास दुरून सावकाश यावा तो दरवळ. भरभरून यावा तो घमघमाट. अंगावर यावा तो भपकारा. नकोसा वाटावा तो दर्प. शिवाय मंद, उग्र, गोडसर, हिरवट, ओलसर, धुपाळ, कोंदट, खवट, आंबूस असे किती तरी शब्द घरात रोज वापरले जातात. 'सॉफ्ट फ्लोरल' म्हटल्याने जे कळत नाही, ते 'पहाटेच्या जुईसारखा, थोडा हिरवट' म्हटल्याने कळते.

आपल्याकडील गिऱ्हाइकाला फुले चांगली ठाऊक असतात. गजरा माळणाऱ्या बाईला मोगऱ्याची पारख अत्तरवाल्यापेक्षा जास्त असते. संध्याकाळी घेतलेली मोगऱ्याची कळी, रात्री उमललेले फूल आणि सकाळी उशीवर सुकलेला गजरा हे तीन वेगळे वास आहेत आणि तिला तिन्ही माहीत असतात. म्हणून नुसते 'मोगरा' न म्हणता कोणता मोगरा ते सांगावे. कळीचा हिरवट थंडपणा असलेले अत्तर हलके. पूर्ण उमललेल्या फुलाचा दाट गोडवा असलेले भारी. या दाटपणामागे इंडोल नावाचे द्रव्य असते. एकटे आणि जास्त असले तर त्याचा वास डांबराच्या गोळ्यांसारखा नकोसा वाटतो, परंतु फुलात ते कणभर असते आणि त्यानेच फूल जिवंत वाटते. हलक्या अत्तरात ते फारच कमी ठेवतात.

इतर फुलांची ओळख पुढीलप्रमाणे ठेवावी :

जुई : थंड, नाजूक, हलकी.

जाई किंवा चमेली : गोडसर, फळाची किंचित झाक, मध्यम.

गुलाब : गुलाबपाण्यासारखा असेल तर हलका, गुलकंदासारखा असेल तर भारी.

पारिजातक : अगदी मंद, जवळ गेल्याशिवाय न कळणारा.

बकूळ : कोरडा गोडवा, फूल सुकल्यावरही टिकणारा.

निशिगंध : लोण्यासारखा दाट, रात्री वाढणारा, भारी.

सोनचाफा : पिकलेल्या फळासारखा, दुरून येणारा, भारी.

केवडा : तीव्र आणि सरळ, थोडा जास्त झाला तरी डोके धरणारा.

गुलाबाबाबत येथे एक अडचण येते. आपल्या जवळच, मावळात तळेगाव दाभाडेच्या बाजूला हरितगृहांतून मोठ्या प्रमाणावर गुलाब पिकतो. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन डेच्या सुमारास तो परदेशीही जातो. परंतु या जाती लांब दांडा, रंग आणि टिकाऊपणा यांसाठी तयार केलेल्या असतात, त्यांना वास जवळजवळ नसतो. त्यामुळे तरुण गिऱ्हाइकाला अत्तरातला गुलाब 'जुनाट' किंवा 'शरबतासारखा' वाटतो. अत्तराचा गुलाब हा दमास्क जातीचा, वेगळा असतो आणि त्याच्या एक किलो शुद्ध तेलासाठी सुमारे साडेतीन ते चार हजार किलो फुले लागतात. हे समजावून सांगितले की वासाकडे आणि किमतीकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलते.

आपण काय विकतो ते आपल्याला माहीत हवे

कन्नौजला आजही तांब्याच्या देगमध्ये फुले आणि पाणी उकळून, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात नेऊन चंदनाच्या तेलात मुरवतात. या पारंपरिक मालाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु चंदन फार महाग झाल्याने पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी डीपीजी किंवा लिक्विड पॅराफिन वापरले जाते. काउंटरवर कमी किमतीत मिळणारा मोगरा किंवा जुई तर बहुतांशी कृत्रिम सुगंधी द्रव्यांचा असतो.

यात लाजण्यासारखे काही नाही. सुगंधी द्रव्ये बनविणे ही मोठी विद्या आहे आणि महाराष्ट्रात तिची परंपरा आहे. मुंबईची एस. एच. केळकर कंपनी १९२२ पासून या क्षेत्रात आहे. मुलुंडच्या वझे महाविद्यालयात सुगंधशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. कन्नौजला १९९१ पासून सुगंध व स्वाद विकास केंद्र आहे, तेथे लहान उद्योजकांसाठी अल्पमुदतीचे वर्ग घेतले जातात. ज्यांची मुले हाच व्यवसाय पुढे नेणार आहेत त्यांनी याची चौकशी अवश्य करावी.

चूक होते ती कृत्रिम मालाला 'असली फुलांचा अर्क' म्हणण्यात. जे आहे ते सांगावे : "हे तयार केलेले अत्तर आहे, वास ताज्या मोगऱ्याचा आहे, म्हणून या किमतीत मिळते." अल्कोहोल आहे का, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. तेलाच्या अत्तरात सहसा नसते, स्प्रेमध्ये बहुधा असते. पुरवठादाराकडून लेखी माहिती घेऊनच उत्तर द्यावे, अंदाजाने देऊ नये. त्याच वेळी द्रव्य कातडीसाठी सुरक्षित असल्याचे 'इफ्रा'चे प्रमाणपत्रही मागावे. 'लिली' जातीच्या फुलांचा वास देणारे लिलियल हे द्रव्य युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केले आहे. तेव्हा जुना साठा स्वस्तात मिळाला तरी आधी चौकशी करावी. सुट्या तेलातून कुप्या भरून आपल्या नावाने विकणाऱ्यांनी परवान्याचे आणि लेबलाचे नियम अन्न व औषध प्रशासनाकडे विचारून घ्यावेत.

दुसऱ्याच्या नावावर माल विकू नये

वर्णन येत नाही म्हणून पुष्कळ दुकानदार 'हे अमुक कंपनीच्या सेंटसारखे' असे सांगून मोकळे होतात. काही जण कुपीवर त्या कंपनीचे नावच चिकटवतात. नाव चिकटविणे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार अंगाशी येऊ शकते. ते सोडले तरी व्यापाराच्या दृष्टीने हे नुकसानीचे आहे. गिऱ्हाईक मनात तुलना करतो आणि आपला माल कायम नक्कल ठरतो. त्याला तोच वास पुन्हा हवा असेल तर तो आपले नाव घेत नाही, कंपनीचे घेतो. याउलट 'तुमचा तो जुई-लिंबू द्या' असे म्हणत आलेला गिऱ्हाईक आपला असतो.

वर्णनाचा नमुना

प्रत्येक अत्तरासाठी वहीत सहा प्रश्नांची उत्तरे लिहावीत : लावताच काय येते? अर्ध्या तासाने काय? शेवटी काय उरते? किती लांब जाते? किती वेळ राहते? कोणी घ्यावे आणि कोणी घेऊ नये?

आमच्या वहीतील मोगऱ्याची नोंद अशी आहे :

"लावताच लिंबाच्या सालीचा ताजेपणा आणि चुरडलेल्या हिरव्या पानाचा वास. दहा मिनिटांत तो जातो आणि मोगऱ्याची कळी उमलू लागते. गोडवा आहे, पण चिकट नाही. अर्ध्या तासाने स्वच्छ धुतलेल्या सुती कपड्यासारखा मोगरा. दोन तासांनंतर फूल मागे पडते, कातडीजवळ पुसट कस्तुरी राहते. दरवळ हातभर, खोली भरत नाही. अंगावर साधारण तीन तास, कपड्यावर संध्याकाळपर्यंत पुसट. कार्यालय, प्रवास, उन्हाळा, आजारी माणसाला भेटायला जाणे यासाठी उत्तम. लग्नसमारंभासाठी किंवा कारखान्याच्या पूर्ण पाळीसाठी पुरणार नाही. दिवसभर हवे असेल तर छोटी कुपी खिशात ठेवावी आणि दुपारी कानामागे पुन्हा लावावे."

यात एकही अवघड शब्द नाही आणि एकही वाढवलेली गोष्ट नाही. 'पुरणार नाही' हे वाक्य विक्री घालवील अशी भीती सुरुवातीला आम्हाला वाटत होती. अनुभव उलट आला. ते ऐकल्यावर पुष्कळ जण मोगऱ्याबरोबर समारंभासाठी दुसरे भारी अत्तरही मागतात. कारण ज्याने एका मालाची उणीव आपणहून सांगितली, त्याच्या दुसऱ्या मालाच्या स्तुतीवर विश्वास बसतो.

दुकानात नोकर किंवा मुलगा बसत असेल तर ही वही त्याला वाचायला द्यावी. दुकानदार एक सांगतो आणि मुलगा दुसरे, असे होता कामा नये.

येत्या आठवड्याचा अभ्यास

आपल्या पेटीतील सर्वांत जास्त खपणारे एक फुलांचे अत्तर निवडावे. सकाळी दहाला पट्टीवर आणि मनगटावर लावावे. वर दिलेल्या वेळांना हुंगून सहा उत्तरे लिहावीत. मग घरातील स्त्रियांना नाव न सांगता तीच पट्टी द्यावी आणि त्यांना कोणते फूल आठवते ते विचारावे. त्यांचे शब्द आपल्यापेक्षा चांगले असतील तर तेच वहीत घ्यावेत. पुढील जुम्म्याला पहिल्या पाच गिऱ्हाइकांना 'फर्स्ट क्लास' हा शब्द न वापरता त्या अत्तराचे वर्णन सांगून पाहावे.

आमच्याकडे तोच मोगरा आजही त्याच पुरवठादाराकडून येतो आणि चांगला खपतो. कोणी "टिकेल ना?" विचारले की आम्ही सांगतो, "अंगावर तीन तास, त्यापुढे नाही." तक्रार घेऊन अद्याप कोणी आलेले नाही.